एक फलाट, दोन मैफली

रायपूरला जाऊन आले असं सांगितलं की साताऱ्यात हमखास प्रश्न येतो, "तिथं पाहायला काय आहे?" मी सांगते, एक रेल्वे स्टेशन आहे, तिथं गाडी येत नाही. ऐकणारा हसतो आणि मग उटीचं नाहीतर सिमल्याचं बोलू लागतो. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. आई साताऱ्यात आली, मावशी भंडाऱ्याकडे गेली. मावशीची सुनंदा माझ्याहून मोठी. लग्न होऊन ती रायपूरला गेली आणि तिथलीच झाली. तिचे यजमान वसंतराव वैद्य रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. "एकदा तरी ये," असं सुनंदाताई वर्षानुवर्षं म्हणत होती. या जानेवारीत तिनं नुसतं "ये" म्हटलं नाही, कामाला लावलं. तिच्या मराठी मंडळातल्या बायकांचा गाण्यांचा कार्यक्रम होता आणि निवेदन मी करायचं होतं. साताऱ्यात लग्नं सोडली तर बाकी सगळ्या समारंभांत मी माईकपुढे उभी राहिलेली आहे. मी लगेच तिकीट काढलं.

चौबे कॉलनी

स्टेशनवर सुनंदाताईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती वायली व तू, मालू! जेवत नाई का तिकडं?"

'वाळली'ची 'वायली' झालेली ऐकून मला एकदम मावशीच्या अंगणात उभं राहिल्यासारखं वाटलं.

चौबे कॉलनीतलं त्यांचं घर बैठं, पुढे पेरूचं झाड, पलीकडच्या घरात गुजराती, अलीकडच्या घरात छत्तीसगढी कुटुंब. सकाळी नाश्त्याला चीला होता. तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडंच ते, पण टोमॅटोच्या आंबटतिखट चटणीबरोबर खाल्लं की धिरड्याला आपण आजवर न्याय दिला नाही असं वाटतं. दुपारी भात, रात्री पोळीबरोबर पुन्हा भात. आमच्याकडे भात हा जेवणाचा शेवट असतो. तिथं तो जेवणच असतो.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. दारावर भाजीवाली आली होती. तिच्या टोपलीत तिवरा होता, म्हणजे हिवाळ्यात तिथं घरोघर शिजणारा कोवळा पाला. मी माझ्या ठेवणीतल्या हिंदीत विचारलं, "ताजी है?" ती म्हणाली, "हव." मला वाटलं, ती मराठीत विचारतेय, हवं का? मी म्हटलं, "हवं, हवं." ती पुन्हा "हव" म्हणाली आणि आणखी एक जुडी टाकली. आम्ही दोघी एकमेकींना होकार देत राहिलो. सुनंदाताई बाहेर आली तेव्हा माझ्या हातात अख्खी टोपली यायची बाकी होती. 'हव' म्हणजे छत्तीसगढीत 'हो'. दोन दिवस आम्ही तिवराच खाल्ला, आणि भाऊजी, म्हणजे वसंतराव, प्रत्येक घासाला माझ्याकडे पाहून "हव" म्हणत होते.

भाऊजी असे थट्टेखोर. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात वर्तमानपत्र. त्यांच्याशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याविषयी जे लिहायचं आहे ते एखाद्या वाईट माणसाविषयी नाही.

छोटी लाइन

शुक्रवारी संध्याकाळी सुनंदाताईनं मला ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतून चालवत नेलं. अरुंद गल्ल्या, देवळं, लाकडी खांबांची जुनी घरं, आणि अंगाला घासून जाणाऱ्या स्कूट्या. तिथून रिक्षानं आम्ही स्टेशनवर गेलो. मोठ्या नव्हे, छोट्या लाइनीच्या.

पूर्वी रायपूरहून धमतरीकडे अरुंद रुळांवरची छोटी गाडी जायची. आता रूळ उचलले, त्या जागी मोठा रस्ता झाला. हे एक स्टेशन मात्र लोकांच्या हट्टानं उरलं आहे. कौलारू छप्पर, लाकडी झालर, मला वाकून पाहावं लागेल एवढी खाली तिकिटांची खिडकी. फलाट इतका बुटका, की त्याला ओटा म्हणावं. पुढे थोडेसे रूळ ठेवले आहेत, दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून कोणीही आरामात उभं राहावं एवढ्याच अंतराचे.

मला आवडलं ते वेगळंच. आमच्याकडे जुनी वास्तू जपायची म्हणजे तिला कुलूप लावायचं आणि बाहेर पाटी ठोकायची. इथं कुलूपच नाही. सकाळी फलाटावर योगासनं चालतात. कडुनिंबाखाली म्हातारे बुद्धिबळ मांडतात. कधी फुलांचं प्रदर्शन, कधी रक्तदान, कधी जुन्या पुस्तकांची विक्री. दिवाळीत राऊत, म्हणजे गुराखी मंडळी कवड्यांची जाकिटं घालून, काठ्या घेऊन इथं नाचतात. परिसरातल्या लोकांची एक समिती आहे, तिला विचारायचं आणि संध्याकाळ मिळवायची.

आम्ही पोहोचलो तेव्हा फलाटावरून ढोलकीचा आवाज येत होता. सतरंजीवर सात-आठ जण गाण्याची तालीम करत होते. गाणं मराठी होतं. भीमगीत होतं. मध्यभागी एक सावळ्या, ठसठशीत बाई गात होत्या. आवाज असा, की माईक ठेवला असता तर तो लाजला असता. आम्हाला पाहून लोकरीचा स्वेटर घातलेले एक गृहस्थ उठले.

"नमस्कार वैद्य वहिनी. तुम्ही इकडं कुठं?"

ते प्रभाकर रामटेके. छोट्या लाइनीवर गाडी चालवायचे, मग मोठ्या लाइनीवर मालगाड्या. भाऊजी आणि ते एकाच रेल्वेत जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेले. गाणाऱ्या बाई त्यांच्या पत्नी, शशिकला.

"उद्याच्या कार्यक्रमाची जागा पाहाले आलो," सुनंदाताई म्हणाली.

"कोनता कार्यक्रम?" शशिकलाबाईंनी विचारलं. "उद्या तर आमचा कार्यक्रम हाय इथं."

घोटाळा उघडा पडायला वेळ लागला नाही. समितीतल्या ज्या गृहस्थांकडे हे काम होतं त्यांना रामटेक्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून ऐकू आलं, "अरे भैया, गलती हो गई. दोनों को हाँ बोल दिया." दुसरा दिवस? तोही नव्हता. रविवारी तिथं रक्तदान शिबिर होतं, आणि सोमवारपासून कौलं उतरवून छपराची दुरुस्ती सुरू होणार होती. पावसाळा संपेपर्यंत स्टेशन बंद.

"आम्ही आधी सांगतलं होतं," सुनंदाताई म्हणाली.

"आम्हीबी आधीच सांगतलं," शशिकलाबाई म्हणाल्या.

दोघींनीही दोन महिने तालमी केल्या होत्या. दोघींनीही पाहुण्यांना बोलावलं होतं. कोणी आवाज चढवला नाही, पण निरोप घेताना कोणी हसलंही नाही.

रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. "एवढंच ना? समितीचे अध्यक्ष माझ्या ओळखीचे आहेत. मी फोन करतो. रामटेक्यांना म्हणतील, तुम्ही पावसाळ्यानंतर करा." त्यांनी मोबाईल उचललासुद्धा.

सुनंदाताईनं हातातली वाटी खाली ठेवली. "नका करू."

"काहून?"

"कारण तुमचा फोन गेला तर ते खरंच ऐकतीन. अन् रामटेक्यांच्या फोननं कोणी ऐकलं नसतं."

भाऊजींनी मोबाईल खाली ठेवला. मी म्हटलं, "उद्या सकाळी त्यांच्या घरी जाऊ या. समोरासमोर बसून काढू मार्ग."

"घरी कशाला?" भाऊजी म्हणाले. "फोनवर बोला ना."

त्यांचा सूर साधा होता, पण त्यानंतर जी शांतता पसरली ती मला ओळखीची होती. आमच्या साताऱ्यातही ती आहे. ऑफिसात शेजारी बसायचं, वर्गणीला सगळ्यांकडून पैसे घ्यायचे, आणि काही घरांचा उंबरा मात्र कधी ओलांडायचा नाही. कोणी मनाई केलेली नसते. फक्त कोणी जात नाही.

"मी जानार," सुनंदाताई म्हणाली.

रुळांच्या पलीकडे

सकाळी सुनंदाताईच्या स्कूटीवरून निघालो. या वयात ती ज्या वेगानं स्कूटी चालवते त्याबद्दल मी घरी काहीच सांगितलेलं नाही. मोठ्या लाइनीच्या पुलाखालून पलीकडे गेलो आणि वाट चुकलो. एका वळणावर पत्ता विचारला, तर सगळी गल्लीच रस्ता दाखवायला निघाली. "रामटेके ड्राइवर साहब? आइए दीदी."

घर नीटनेटकं. दारात झेंडू, कोनाड्यात बुद्धमूर्ती, सोफ्यावर आदल्या दिवशीची ढोलकी. शशिकलाबाईंनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. सुनंदाताईनं तांब्या उचलला, पाणी प्यायली, आणि सरळ मुद्द्यावर आली. "अर्धा तास तुम्ही गा, मंग आम्ही गातो. कसं?"

"अर्धा तास?" शशिकलाबाई म्हणाल्या. "अन् बाकी साऱ्या संध्याकायचे मालक तुम्ही? आम्ही का तुमच्या कार्यक्रमात पाहुने हाव?"

सुनंदाताईचा चेहरा पडला. तिच्या मनात तसं नव्हतं, पण शब्द तसेच होते. मी मध्ये पडले. "पाहुणे कोणीच नाही. एक गाणं तुमचं, एक आमचं, शेवटपर्यंत. निवेदन दोन्हींचं मी करते. चालेल?"

"भीमगीत गानार आम्ही. तेच्यात काट-छाट नाई चालनार."

"तुमची गाणी तुम्ही ठरवायची."

त्या माझ्याकडून सुनंदाताईकडे वळल्या. "अन् तुमच्या मंडयातल्या बाया? बसतीन आमच्यासंगं?"

सुनंदाताई खोटं बोलू शकली असती. "साऱ्या नाई बसनार," ती म्हणाली. "मी बसीन."

शशिकलाबाई उठून आत गेल्या आणि चहा आला, चहाबरोबर ठेठरी आली, म्हणजे बेसनाची कुरकुरीत कडबोळीसारखी. कोपऱ्यात बसलेले रामटेके म्हणाले, "वहिनी, तुमचं माहेर कोनतं?"

"पवनीजवळ."

"पवनी!" शशिकलाबाई ठेठरीची बशी हातात घेऊनच खाली बसल्या. "मी अड्याळची न व! शेजारचीच!"

मग काय विचारता! जत्रा, नदी, वांगी, कोण कुठल्या शाळेत. शशिकलाबाईंच्या आईच्या तोंडी जात्यावरची रेल्वेची ओवी होती, 'काळाकाळा'चं 'कायाकाया' करत त्यांनी ती सहज म्हटली:

"आगगाडी आली बाई, धूर सोडे कायाकाया,
भाऊ माहा उतरला, संगं आली त्याची माया."

सुनंदाताई म्हणाली, "पयली ओय हेच. पन माही आई पुढं वेगयंच म्हने," आणि खाली पाहत तिनं सुरू केलं:

"आगगाडी आली बाई, धूर सोडे कायाकाया,
उतरले सारे लोक, नाही आला बापराया."

एकीच्या गाडीतून भाऊ उतरला होता, दुसरीच्या गाडीतून बाप आलाच नव्हता. रामटेके हळूच म्हणाले, "हे दोन्ही म्हना संध्याकायी."

शनिवारची संध्याकाळ

मंडळातल्या तिघी आल्या नाहीत. एकीनं पाहुणे आल्याचं कळवलं, एकीनं गुडघ्याचं, तिसरीनं काहीच नाही. तबला वाजवणाऱ्या काकांनी मोबाईल बंद ठेवला. उरलेल्या चौघी रेशमी साड्या नेसून, पेटीभोवती जवळजवळ बसल्या होत्या. सुनंदाताईची बोटं पेटीवर ठरत नव्हती.

तेव्हा रामटेक्यांची मुलगी पल्लवी ढोलकी घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात ती इंजिनियर आहे, ड्यूटी संपवून थेट आली होती, केसांवर हेल्मेटची रेघ तशीच.

"आंटी, आप गाइए. मैं पकड़ लूँगी."

"तुले येते का हे गानं?"

"दो बार सुना दीजिए, बस."

"मराठीत बोल न व पोट्टी."

पल्लवी हसली. "समझती पूरा हूँ, आंटी. बोलने में हँसी उड़ती है मेरी."

"कोन हसते? मले सांग." सुनंदाताई म्हणाली, आणि तिची बोटं ठरली.

फलाट भरला होता, पण पुढच्या रांगेतल्या काही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी साताऱ्याहून लिहून आणलेलं अलंकारिक निवेदन पर्समध्येच ठेवलं. उभी राहिले आणि सांगितलं, घोटाळ्यामुळे आज एका फलाटावर दोन मैफली आल्या आहेत, आणि दोघींपैकी कोणालाही उतरायचं नाही. लोक हसले. अर्ध्याहून अधिक श्रोते हिंदी-छत्तीसगढी होते, म्हणून हेच मी हिंदीत सांगितलं. तेव्हा ते जास्त हसले, बहुधा माझ्या हिंदीला.

मंडळाचं भक्तिगीत झालं. पल्लवीची ढोलकी पहिल्या कडव्यात चाचपडली, दुसऱ्यात तिला वाट सापडली. मग शशिकलाबाईंचं भीमगीत सुरू झालं. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतले दोन गृहस्थ उठले आणि शाल सावरत निघून गेले. फलाट बुटका, त्यामुळे ते सगळ्यांना दिसलं. शशिकलाबाईंनाही दिसलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि पुढची ओळ वरच्या पट्टीत उचलली. काय तो आवाज! कडुनिंबाखाली बुद्धिबळ मांडून बसलेले म्हातारे डाव सोडून फलाटाशी येऊन उभे राहिले. रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्यांवर फुलं विकणाऱ्या दोन बाया येऊन बसल्या, टोपल्या मांडीवर घेऊन.

चार-पाच गाण्यांनंतर माईक बंद पडला. मी म्हटलं, माईकची कोणाला गरज आहे? निदान मला तरी नव्हती. शेवटी ओव्या होत्या. शशिकलाबाईंनी भाऊ उतरवला. सुनंदाताईनं बापाची वाट पाहिली. मग दोघींनी पहिली ओळ एकत्र म्हटली, पुन्हा पुन्हा, आणि त्या फुलवाल्या बायाही मान हलवत "कायाकाया" म्हणू लागल्या. त्यांना अर्थ किती कळला मला ठाऊक नाही. समोरच्या त्या अरुंद रुळांवर सगळ्यांचेच डोळे होते.

टाळ्या वाजत असताना मला भाऊजी दिसले. येणार नाही म्हणाले होते. तिकिटांच्या खिडकीजवळ, खांबाला टेकून उभे होते. टाळ्या वाजवत नव्हते. चष्मा पुसत होते.

रामटेके गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले. मी मागेच होते. "वैद्य साहेब, उद्या दुपारी घरी जेवाले या. वहिनीले अन् पाहुनीले घेऊन."

भाऊजी म्हणाले, "पाहू."

रविवारचं जेवण

पाहू म्हणजे नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. रविवारी दुपारी सुनंदाताई साडी नेसून तयार झाली तेव्हा भाऊजी वर्तमानपत्र उघडून बसले होते.

"तुम्ही दोघी जाऊन या. माझं पोट जरा ठीक नाही. माझ्यासाठी खिचडी लावून ठेव."

सुनंदाताईनं आरशातूनच पाहिलं. "मी नाई लावून जानार खिचडी. पोट दुखत असन तर उपाशी राहा. नसन दुखत तर चपला घाला."

इतक्या वर्षांच्या संसारात ती असं पहिल्यांदाच बोलली असावी, कारण भाऊजींपेक्षा तीच जास्त दचकली. वर्तमानपत्र बराच वेळ तसंच उघडं राहिलं. मग त्याची नीट घडी झाली. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा भाऊजी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले होते, आणि रस्ताभर मागे वळले नाहीत.

रामटेक्यांकडे जमिनीवर पाटावर ताटं मांडली होती. पाटोडीचा रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि जाळ काढणारा तिखट रस्सा. ज्वारीची भाकर, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांची भाजी, आणि अर्थातच भाताचा डोंगर. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शशिकलाबाई म्हणाल्या, "साताऱ्याचं तिखट म्हनते न तुम्ही? तेले आम्ही गोड म्हनतो." पल्लवीनं माझ्यापुढे दही सरकवलं आणि अडखळत, पण मराठीत म्हणाली, "मावशी, हे घ्या." सुनंदाताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

रामटेके छोट्या लाइनीच्या गोष्टी सांगत होते. गाडी इतकी सावकाश जायची, की लोक चालत्या गाडीतून उतरायचे, बोरं तोडायचे आणि पुन्हा चढायचे. भाऊजी हसले. "मी पण तोडली आहेत. नवीन नोकरी होती, राजिमला चाललो होतो. गाडी कोण चालवत होतं कोण जाणे."

"मीच असन," रामटेके म्हणाले.

दोघंही हसले, आणि मग हसणं संपल्यावर जी जागा रिकामी राहते तिथं भाऊजी थांबले. रश्श्यात भाकर बुडवून ती तशीच धरून ठेवली होती.

"रामटेके, इतकी वर्षं एका रेल्वेत नोकरीला होतो आपण. तुम्ही कधी बोलावलं नाही मला."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं, जवळजवळ लाडानं. पण ताटावरचे सगळे हात थांबले. शशिकलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रामटेक्यांनी घाई केली नाही. घास संपवला, पाणी प्यायले.

"बोलावलं असतं," ते म्हणाले, "तर आले असते का तुम्ही?"

मला वाटलं, आता भाऊजी थट्टेनं वेळ मारून नेतील, ती कला त्यांच्याकडे होती. सुनंदाताई ताटाकडे पाहत होती. बाहेर कुठेतरी मालगाडी चालली होती आणि तिचे डबे संपता संपत नव्हते. ते संपले तेव्हा भाऊजी म्हणाले,

"नसतो आलो."

रामटेक्यांनी मान हलवली. मग टोपलीतली गरम भाकर उचलून त्यांनी ती भाऊजींच्या ताटात वाढली.